काशाच्या ताटावरचे नाव

मृताचे नाव: प्रकाश उमाठे, व्यवसाय छायाचित्रकार, राहणार सेक्टर ६, भिलाई. घटनास्थळ: रिसालीच्या बाजारचौकातील उसाच्या रसाच्या गाडीसमोर. दिवस: नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागलेला होता; वेळ भर दुपारची. जवळ सापडलेल्या वस्तू: एक मोबाइल, एक चष्मा, आणि कापडी पिशवीत जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेले काशाचे एक ताट, ज्याच्या काठावर ‘कुसुम’ हे नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले आहे. साक्षीदार पहिला: रसाच्या गाडीचा मालक. साक्षीदार दुसरी: श्रीमती कुसुम घाटोळे, राहणार रिसाली, घरगुती डबे पुरवणारी. साक्षीदार तिसरी: मृताची पत्नी श्रीमती सुमन उमाठे. साक्षीदार चौथी: सेक्टर ६ मधील एक गृहिणी. हिच्या नावाची जागा मी जाणूनबुजून कोरी सोडली आहे. त्याचे कारण पुढे येईल. अर्जदार: मी, दिगंबर ठवकर, दुर्गच्या कचेरीबाहेर टेबल टाकून आयुष्यभर अर्ज लिहीत आलेला इसम. शिक्षण नववीपर्यंत, परंतु माझ्या हातचा मसुदा चांगले वकीलही खोडत नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो.

या दैनिकाच्या पुरवणीच्या संपादकांनी मला मित्राच्या आठवणी लिहिण्यास सांगितले. आठवणी लिहिण्याची माझी रीत नाही. घटना कशी घडली, कोणाच्या समक्ष घडली आणि त्यावर काय मागणे आहे, एवढेच मला लिहिता येते. प्रकाशच्या बाबतीतही मी त्याच क्रमाने जाणार होतो, पण मधेमधे क्रम सुटतो आहे... वाचकांनी सांभाळून घ्यावे.

त्या दुपारी मी कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली बसलो होतो. पक्षकार कोणी नव्हते. असल्या उन्हात वारसाहक्काचे भांडणही घरीच थांबते. फोन कुसुमताईंचा आला. त्या म्हणाल्या, “भाऊ, प्रकाशभाऊ रस्त्यावर पडले आहे... हलवून राहिली मी, पण उठूनच नाही राहिले. तुमी या न.” मी विचारले की तुम्ही तेथे कशा? त्यांनी फोन ठेवला. नंतर समजले ते असे. प्रकाश गाडीपाशी स्कूटर लावून उभा होता, रस सांगितला होता, आणि ग्लास हातात येण्याआधी तो खाली बसला आणि आडवा झाला. पिशवी सुटली, ताट डांबरी रस्त्यावर पडले आणि काशाचे भांडे वाजते तसे लांबवर वाजत राहिले. लोक जमले. कोणी तरी ताट उचलून काठावरचे नाव वाचले. मोबाइल कुलूपबंद होता, माणूस कोणाचा हे ठाऊक नव्हते, पण ते नाव रिसालीत त्या दिवसांत सर्वांना ठाऊक होते. रसवाला म्हणाला, “ये तो वही थाली है, वो कुसुम दीदी वाली,” आणि त्याने कुसुमताईंकडे माणूस धाडला. ज्या नावामुळे प्रकाश उन्हात हिंडत होता, त्याच नावाने त्याची बातमी योग्य घरी पोचवली.

मी दुर्गहून स्कूटरने पोचलो तेव्हा सर्व संपलेले होते. रस्त्याच्या कडेला त्याच्या अंगावर कोणाचा तरी गमछा टाकलेला होता. कुसुमताई अनवाणी धावत आलेल्या, तशाच तापलेल्या फुटपाथवर बसलेल्या होत्या आणि दोन्ही हातांनी ते ताट त्याच्या चेहऱ्यावर धरून होत्या. मला वाटले, चेहरा झाकला आहे. जवळ गेलो तेव्हा कळले की त्या ऊन अडवत होत्या.

प्रकाश आणि मी एका शाळेचे. त्याचे वडील वर्ध्याकडचे, माझे भंडाऱ्याचे. दोघे भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये लागले आणि दोघांना सेक्टर ६ मध्येच क्वार्टर मिळाले. माझे वडील लवकर गेले, माझी शाळा सुटली; तो मॅट्रिक होऊन छायाचित्रे काढायला शिकला आणि सेक्टरच्या बाजारात त्याने स्टुडिओ थाटला. आमचा धंदा एकमेकांना धरून होता. माझ्या अर्जाला फोटो लागे, त्याच्या फोटोला अर्ज लागे. पक्षकार त्याच्यासमोर स्टुलावर बसला की तो सांगे, हसू नका, अर्जावर हसणारा माणूस खोटा वाटते. माझ्या भाषेची तो थट्टा करी. एका विधवेच्या पेन्शनचा माझा मसुदा त्याने दुकानात मोठ्याने वाचला आणि म्हणाला, “कावून एवढं जड लिहून राहिला बे? साहेबाले वाचता वाचता पेन्शन लागन.” त्या बाईला पेन्शन मिळाली, हे मी त्याला पुढे अनेकदा ऐकवले.

नंतर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले. लग्नाचे अल्बम रायपूरचे लोक करू लागले, पासपोर्ट फोटोसुद्धा घरी निघू लागले. स्टुडिओचे शटर कायमचे खाली आले. पुष्कळ दिवस तो घराच्या पुढच्या खोलीत नुसता बसून असे. त्या काळात मी त्याच्याकडे जाई तेव्हा सुमन वहिनी चहा देऊन आत निघून जात. त्याला पुन्हा उभे केले ते शेजारच्या एका बाईच्या दिवाळीच्या फराळाने. तिला चकल्यांच्या ऑर्डरी घ्यायच्या होत्या, मोबाइलवर धाडायला फोटो हवा होता. प्रकाशने लग्नातली सवय म्हणून फ्लॅश मारून फोटो काढला. वहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, “चकली आहे का स्क्रॅप यार्डातली स्प्रिंग?” तो हसला नाही. त्या बाईकडून पुन्हा चकल्या मागवल्या आणि दिवसभर त्या घरभर फिरवत राहिला. स्वयंपाकघरात, ओट्यावर, दाराशी. संध्याकाळी त्याला पुढच्या खोलीची उत्तरेची खिडकी सापडली. त्या खिडकीत ऊन कधी थेट येत नाही. येतो तो नुसता उजेड, मऊ, एका बाजूने. खिडकीखाली पाट, समोर टेकवलेला पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा, एवढाच त्याचा नवा स्टुडिओ झाला.

घरी रांधून विकणाऱ्या बाया आमच्या गावात पुष्कळ आहेत. प्लांटमधून निवृत्त झालेल्यांच्या घरी डबा, रायपूरला शिकणाऱ्या पोरांसाठी लाडू, कुणाकडे पुरणपोळी, कुणाकडे सावजीचा मसाला. त्यांचे अन्न चांगले असते, पण फोटोत ते गरीब दिसते. प्रकाशने ते ओळखले. तर्रीवर छताचा पंखा दिसतो, म्हणून तो पंखा बंद करून घामाघूम होत बसे. भाताची वाफ क्षणात जाते, म्हणून बाईला ताट वाढायला तो खिडकीपाशीच बसवी. इतर फोटोवाले अन्नावर तेल फासतात, वाफेसाठी मागे ओला कापूस लपवतात; तो तसे करीत नसे, कारण फोटो झाल्यावर ते ताट तोच जेवत असे. तोवर ते पार निवलेले असे. वहिनी गरम करून देऊ म्हणत, तर तो म्हणे, “गरम होतं ते फोटोत गेलं. थंड माह्या वाट्याचं.”

अडचण एकच होती, आणि ती या गावाला शोभणारी होती. आमच्या घरोघरी स्टीलची ताटे. स्टीलच्या ताटात वाढलेल्या अन्नाचा फोटो काढला की ताटाच्या काठात खिडकी दिसते, मोबाइल दिसतो, आणि वाकलेला प्रकाश दिसतो. ज्या गावाने देशाला पोलाद दिले त्या गावात एका माणसाला पोलाद नसलेले ताट मिळेना.

ते ताट कुसुमताईंकडे होते. कुसुमताईंचे यजमान ठेकेदाराकडे कामाला होते, ते गेल्यावर त्यांनी डबे सुरू केले. त्यांच्या खाद्यविक्रीच्या नोंदणीचा अर्ज मी लिहिला होता आणि फोटोसाठी त्यांना प्रकाशकडे मीच नेले होते. त्यांनी गोळाभात रांधून आणला आणि येताना लग्नात मामांनी दिलेले काशाचे ताट आणले. भंडाऱ्याकडचे जुने काम, जड, मधासारख्या रंगाचे. काठावर त्यांचे नाव. आपल्याकडे भांड्यावर नाव घालतात ते मिरवायला नव्हे. भांडे शेजारी जाते, अन्न घेऊन जाते, आणि नाव पाहून परत येते. कुसुमताईंना फोटोत नाव दिसावे याचा संकोच वाटला. प्रकाशने मात्र ताट फिरवून नावाची बाजू मुद्दाम पुढे आणली आणि म्हणाला, “राहू द्या ताई. नाव दिसलं का घर दिसते. बिननावाचं भांडं तं हॉटेलचं.”

त्या काशाच्या ताटात पिवळा भात आणि पिवळे गोळे असे दिसले की मी, जो दुपारी जेवून आलो होतो, पुन्हा भुकेला झालो. कुसुमताईंकडे माणसे येऊ लागली. मग इतर बाया प्रकाशला म्हणू लागल्या, आमचाही फोटो त्याच ताटात काढा. कुसुमताईंनी नाही म्हटले नाही. ताट प्रकाशच्या घरी जाई, कोणाच्या पातोड्या, कोणाचे अनारसे, कोणाचा वडाभात त्यात वाढला जाई, आणि परत येताना त्यात त्या बाईच्या हातचे काहीतरी असे. सगळ्या फोटोंच्या काठावर तेच एक नाव दिसे. बाया एकमेकींना ओळखत होत्या. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. प्रकाशलाही वाटले नाही. नाव भांड्याचे, अन्न ज्याचे त्याचे, हे आम्हाला इतके माहीत होते की जगाला ते माहीत नसेल हे कोणाच्याच मनात आले नाही.

आता चौथ्या साक्षीदाराविषयी. सेक्टर ६ मधल्या या बाईंचे यजमान प्लांटमधून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बाई सुगरण, श्रीखंड-पुरीच्या ऑर्डरी हौसेने घेत. त्यांच्या ताटाचा फोटो हा प्रकाशने काढलेला सर्वांत चांगला फोटो होता, असे माझे मत आहे. टम्म फुगलेल्या पुऱ्या, बटाट्याची कोरडी भाजी, केशराच्या काड्या रुतलेले श्रीखंड. आणि खाली काठावर, सुईच्या टोकाने लिहावे तसे, ‘कुसुम’.

हा फोटो जुनवानीकडच्या एका इसमाने उचलला. त्याने भाड्याच्या खोलीत भटारखाना उघडला होता, स्वतःच्या जाहिरातीवर त्याने हा फोटो टाकला आणि रिसालीतल्या एका बारशाच्या जेवणाची ऑर्डर घेतली. ते जेवण नासके होते. पंगतीतली माणसे त्याच रात्री आजारी पडली. बाळाची आजी कित्येक दिवस दवाखान्यात होती आणि घरी आली ती काठी धरून. त्या इसमाचा फोन बंद झाला, खोलीला कुलूप लागले. लोकांच्या हातात उरला तो फोटो. त्यावर माणसाचे नाव एकच. तो फोटो मोबाइलवरून घरोघर फिरला. खाली हिंदीत लिहिलेले होते, थाली पर नाम पढ़ लीजिए, इनके यहाँ से कुछ मत मँगाइए. जाहिरात परक्या माणसाची होती. परंतु आपल्या माणसांनी काठावरचे नाव वाचले, आणि भांड्यावर ज्याचे नाव त्याच्या घरचे अन्न, असा जो हिशेब आपण पिढ्यान्पिढ्या करीत आलो, तोच केला. फसवणाऱ्याने हे नाव लिहिले नव्हते. त्याने बहुधा ते वाचलेही नव्हते.

कुसुमताईंचे डबे परत येऊ लागले. प्रत्येक डब्यावर त्यांचे नाव होतेच. आमच्यात डबा रिकामा परत करीत नाहीत; विकतचे अन्न असले तरी बाया धुतलेल्या डब्यात चिमूटभर साखर, गुळाचा खडा, निदान कढीलिंबाचे चार डहाळे घालून देत. यावेळी डबे घासूनपुसून, रिकामे, फाटकाला अडकवलेले येऊ लागले. मी गेलो तेव्हा त्या पायरीवर बसल्या होत्या आणि वाऱ्याने ते डबे फाटकावर आपटत होते. “कोणी भांडाले आलं असतं तं बोलली असती मी,” त्या म्हणाल्या. “भाऊ, एकीनं तं झाकणही नाही लावलं.”

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. माझ्या आयुष्यातल्या उत्तम मसुद्यांपैकी तो एक आहे. विरुद्ध पक्ष अज्ञात, विषय खोट्या बदनामीचा. पोलिसांनी पोच दिली. पुन्हा चौकशीला गेलो तेव्हा तेथील बाबूने कागद माझ्याकडे सरकवला आणि शांतपणे विचारले, “ठवकरजी, थाली असली है, नाम भी असली है, फोटो भी असली है. झूठ कौन सी लाइन में है, बताइए.” मी तो कागद उभ्यानेच पुन्हा वाचला. खोटे होते, पण कोणत्याही ओळीत नव्हते... ते दोन ओळींच्या मधे होते, आणि तेथे बोट ठेवता येत नाही.

तोडगा एकच होता. ज्यांच्या पुऱ्या होत्या त्या बाईंनी पुढे येऊन म्हणायचे होते, की फोटोतले अन्न माझे. ताट मागून आणलेले. आणि बारशाच्या जेवणाशी आमचा दोघींचाही संबंध नाही. प्रकाश आणि मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आदराने बसवले, चहा दिला. सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “प्रकाशभाऊ, मला खरंच वाईट वाटतं हो. पण माझं नाव यात आणू नका. ह्यांना सगळे ओळखतात. तिचं नाव तर गेलंच आहे. आता माझंही घालवून काय मिळणार?”

“तिचं परत मिळन न, वहिनी,” प्रकाश म्हणाला. “तुमी फक्त म्हणा, पुऱ्या माह्या होत्या.”

त्यांनी कप उचलून बाजूला ठेवले. मग त्यांनी त्याच्याकडून शब्द मागितला, की त्यांचे नाव तो कोणाला सांगणार नाही. मी डोळ्यांनी खुणावले. त्याने पाहूनही न पाहिल्यासारखे केले आणि शब्द दिला. बाहेर आल्यावर मी त्याला रस्त्यातच झापले. म्हटले, पुरावा हातात असताना तोंड बांधून घेणारा वादी मी आजवर पाहिला नाही. तो स्कूटरला किक मारत म्हणाला, “माह्या फोटोनं एकीचं नाव गेलं बे. दुसरीचं कसं घालवू?”

मग त्याने ताट मागून घेतले. कुसुमताई नको म्हणत होत्या. मीही म्हटले की नवतपा लागला आहे, तुझे छातीचे औषध चालू आहे, मी वरिष्ठांकडे दुसरा अर्ज लिहितो. तो म्हणाला, “तुया कागदानं होत नाही, दिगंबर. लोकाइनं ताट पाहून ठरवलं न? मी ताटच दाखवतो.” आणि तो निघाला. रिसालीत आणि सेक्टरमध्ये, ज्या ज्या घरी कुसुमताईंचा डबा जात असे, त्या प्रत्येक घरी. बेल वाजवी, पिशवीतून ताट काढी, मोबाइलवर फोटो दाखवी. हे ताट पाहा, यात ह्या बाईच्या पातोड्या, यात त्या बाईचे अनारसे, नाव सगळीकडे एकच. ताट माझ्याकडे होते, चूक माझी आहे, त्या बाईचा काही संबंध नाही. काही घरी त्याला पाणी मिळाले, काही घरी जाळीच्या दाराआडून उत्तर मिळाले. ऐकणारे ऐकत, मान डोलवत, आणि शेवटी हमखास एक प्रश्न विचारत: मग त्या पुऱ्या कोणाच्या होत्या? तेथे प्रकाश थांबे. थांबला की समोरच्याला वाटे, हा माणूस काहीतरी लपवतो आहे. तो खरेच लपवत होता. ताट पुन्हा साडीच्या तुकड्यात गुंडाळले जाई आणि तो पुढच्या दारी जाई.

एका संध्याकाळी मी त्याला विचारले, की आज कोणी मानले का? तो म्हणाला की एका घरची म्हातारी बोटाने ते नाव चाचपत होती. तिला दिसत नव्हते. तिने ताट कपाळाला लावून परत दिले, आणि तिची सून आतून म्हणाली, हात धुवा आई. हे सांगताना तो हसला. त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिले नाही.

अंत्यसंस्काराच्या वेळी वहिनींनी फोटो मागितला, हार घालण्यासाठी. घरात फोटोंचे ढीग होते. अर्ध्या भिलाईची लग्ने त्या घरात होती, पण प्रकाशचा एकही धड फोटो नव्हता. त्याच्या मुलीने, जी पुण्याहून विमानाने रायपूरला उतरून आली होती, मोबाइल धुंडाळला. शेवटी तिला एक जुना फोटो मिळाला, काशाचे ताट मिळण्याच्या आधीचा, टाकून दिलेला. स्टीलच्या वाटीत पातोडीचा रस्सा, आणि वाटीच्या बाहेरच्या गोलाईत तो: खिडकीपाशी गुडघ्यांवर बसलेला, एका हातात थर्माकोल, दुसऱ्यात मोबाइल, डोके वाटीच्या आकाराप्रमाणे मोठे झालेले. मुलगी म्हणाली, “काका, पापा की यही है बस... दुसरा नाहीच आहे.” वहिनींनी त्यालाच हार घातला. या लेखासोबत संपादकांना मी तोच दिला आहे. वाचकांनी रश्श्याकडे न पाहता वाटीकडे पाहावे.

तेरवी झाल्यावर वहिनींनी ताट परत पाठवले. रिकामे पाठवणे शक्यच नव्हते. त्यात शिरा घालून, वर रुमाल बांधून, मला पोचवायला दिले. कुसुमताईंनी घेतले, आत नेले आणि मला थांबवून ठेवले. घरात पिठाचे डबे पालथे होते. त्यांचे डबे बंद झाले आहेत. आता त्या एका वसतिगृहाच्या भटारखान्यात पोळ्या लाटतात, जेथे भांड्यांवर कोणाचेच नाव नसते. पुष्कळ वेळाने त्या बाहेर आल्या तेव्हा ताटात फळीवरच्या शेवटल्या तांदळाचा गोळाभात होता. “वहिनीले म्हणा, आता ठेवून घ्या. मले नको,” त्या म्हणाल्या. वहिनींनी ठेवून घेतले नाही. पुढच्या आठवड्यात त्यात पुऱ्या गेल्या. त्या पुऱ्यांच्या बदल्यात पुन्हा काहीतरी परत आले. असे ते ताट सेक्टर ६ आणि रिसालीच्या मधे फिरते आहे, आणि ने-आण मी करतो. पुढच्या खोलीत खिडकी तशीच आहे, पाट तसाच आहे, थर्माकोल भिंतीला टेकलेला आहे. ताट येते तेव्हा वहिनी ते आधी खिडकीत ठेवतात. अन्न निवेपर्यंत तेथेच बसतात आणि मग थंड जेवतात. मी तेथे असलो तर मलाही वाढतात.

आता मागणे. जुनवानीच्या त्या इसमाला शोधणे पोलिसांचे काम आहे, त्याबद्दल माझा अर्ज प्रलंबित आहे. ही विनंती त्याच्याविरुद्ध नाही. ती चौथ्या साक्षीदारास आहे. बाई, आपले नाव प्रकाशने कोणाला सांगितले नाही. रस्त्यावर पडेपर्यंत सांगितले नाही. मीही वर कोरी जागा ठेवली आहे, कारण शब्द त्याचा होता आणि तो मोडण्याचा अधिकार मला वारसाहक्काने मिळालेला नाही. ती जागा फक्त आपणच भरू शकता. आपण एका ओळीत लिहावे की फोटोतल्या पुऱ्या माझ्या होत्या. ही पुरवणी ती ओळ छापील, आणि ज्या घरी प्रकाशला शेवटचे उत्तर देता आले नाही त्या प्रत्येक घरी छापलेला कागद घेऊन मी स्वतः जाईन. एवढ्याने कुसुमताईंची चूल त्यांच्या स्वतःच्या घरी पुन्हा पेटेल, अशी अर्जदाराची खात्री आहे.

आणि हे आपणास शक्य होणार नसेल, तर दुसरी विनंती. मागल्या संक्रांतीला कुसुमताईंनी आपणास तिळाच्या वड्या धाडल्या होत्या. तो डबा अद्याप आपल्या घरी आहे. झाकणाच्या कडेला नाव आहे, पाहून घ्यावे. तो त्यांच्याकडे परत करावा, ही या अर्जाची पोच समजली जाईल. फक्त तो रिकामा पाठवू नये.